जिन्यातली उजळणी

आमच्या ऑफिसात त्यांना उजळणीमास्तर म्हणायचे. कुठल्या शाळेत मास्तर नव्हते ते, फोनची रेंज तपासणं हे त्यांचं काम. इस्पितळं, कारखाने अशा मोठ्या इमारतींशी आमचा करार असतो, की माणूस फोनवर बोलत कुठंही फिरला तरी आवाज तुटणार नाही. खोलीत फोन वायफायवर चालतो, जिन्यात आला की टॉवरच्या नेटवर्कवर जातो, आणि नेमका या बदलात गचका खातो. तो गचका पकडायला मास्तर आकडे मोजत चालायचे. एका पायरीला एक आकडा, एक ते शंभर, खणखणीत. मी ऑफिसात कानाला हेडफोन लावून बसायची आणि जो आकडा ऐकू आला नाही तो वहीत लिहायची. एकोणीस वर्षं मी त्या माणसाची उजळणी ऐकली. नवऱ्याचं एवढं ऐकलं असतं तर संसाराचं सोनं झालं असतं, असं माझी सासू म्हणते. म्हणेना का.

आता मोजायला यंत्र आहे, पण मास्तरांचा त्याच्यावर काडीचा भरवसा नव्हता. म्हणायचे, "यंत्र सांगतं फोन चालू होता. चालू असून मुका असला तर? ते माणसालाच कळतं." मी मान डोलवायची. मला ते कळतं, असं मलाही वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत म्हणून बजावलं. पण जिने बंद म्हणजे मास्तरांची नोकरीच बंद. साहेबांपासून त्यांनी ते लपवलं, ऑफिसात फक्त मला सांगितलं. मी भांडले. म्हटलं, "मास्तर, तुम्ही खुर्चीत बसा, मी चालते."

"ताई, तुमचे गुडघे माझ्या काळजापेक्षा वाईट आहेत."

"आणि जिन्यात काही झालं म्हणजे?"

"तुम्ही कानाशी आहातच की," ते म्हणाले. "माझा श्वाससुद्धा ऐकता तुम्ही. एवढी राखण कुणाच्या नशिबात असते?"

तेव्हाच साहेबांना सांगायला हवं होतं. मास्तर चार दिवस चिडले असते, एवढंच.

शेवटचं काम एका इस्पितळाचं होतं, आणि आम्ही त्यावर दोन महिने डोकं फोडत होतो. मागच्या जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर, आवाज हमखास जायचा. अठ्ठावीसला गेला की तेहतीसला यायचा. भिंत जाड, दारं लोखंडी, आणि फोन आपला वरच्या वॉर्डातल्या मरतुकड्या वायफायला चिकटून बसायचा. शेवटी मास्तरांनी त्या वळणावर वायफायचा नवा डबा बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला फेरतपासणी होती.

पहिल्या फेरीत छप्पन्नला माझ्याच हातून फोन कट झाला. वही सरकवायला गेले आणि कोपर बटणावर पडलं. आमचा नियम असा, की फोन तुटला तर फेरी पहिल्या पायरीपासून. मास्तर हसले, "ताई, सूड घेताय का?" आणि खाली उतरून पुन्हा चढू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठरवून टाकलं, आता काही झालं तरी फोन ठेवायचा नाही, ह्या माणसाला तिसऱ्यांदा चढवायचं नाही.

"सत्तावीस. अठ्ठावीस. एकोण... तीस." मी वहीत लिहिलं, एकोणतीसला आवाज फुटतो. "तीस. एकतीस." आणि पुढं काही नाही.

मी कपाळावर हात मारला. नवा डबाही पाण्यात गेला. वेळ टाकून लिहिलं, एकतीसनंतर आवाज गेला. "मास्तर, झोपलात का?" असंही एकदा म्हणाले. मग समोर चहा आला. हेडफोन कानालाच ठेवून मी तो बशीत ओतून प्यायले, चष्मा पुसला. फोन काही ठेवला नाही, म्हणजे मास्तरांना पुन्हा चढावं लागणार नाही. खरं तर त्या इस्पितळाचा नंबर माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहिलेला होता. एक फोन केला असता तर वरच्या वॉर्डातून माणूस खाली यायला अर्धं मिनिट लागलं नसतं.

अकरा मिनिटांनी कानात बादली ठेवल्याचा आवाज आला. कडी वाजलेलीसुद्धा ऐकू आली. मग एका बाईचा आवाज, शेजारी उभं राहून बोलावं इतका स्वच्छ, "अगं बाई, इथं कुणीतरी पडलंय."

फोन तुटलाच नव्हता. मुकाही नव्हता. सगळं नेटवर्क चोख होतं, आणि मास्तरांनी जाताना जो काही आवाज केला असेल तो माझ्या कानापर्यंत आलेला असणार. मी बशी फुंकत होते.

साहेबांनी यंत्राचा कागद काढला. सगळा वेळ आवाज अखंड, खंड शून्य. ते हळूच म्हणाले, "ताई, तुमची नोंद जुळत नाही." मी एकतीससमोरची ओळ खोडली आणि लिहिलं, आवाज स्पष्ट. खाली सही केली. दोन महिन्यांचं काम पास झालं.

आठवड्यानं वहिनींकडे, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडे गेले. दाराशी मास्तरांचे रबरी तळाचे बूट तसेच होते. वहिनींनी विचारलं, "शेवटी काही बोलले का?"

"एकतीस," मी म्हणाले.

"पायऱ्याच मोजत असणार. बाजारात माझ्याबरोबर चालतानाही मोजायचे." त्यांनी बूट उचलून भिंतीशी नीट लावले. मग म्हणाल्या, "मला सांगायचे, ताई ऐकत असतात, तू काळजी करू नकोस. म्हणून मी जाऊ द्यायची. पडल्यावर किती वेळ होतात तुम्ही फोनवर?"

"अकरा मिनिटं."

"मग काय करत होतात?"

खोटं बोलता आलं असतं. पण सुचलंच नाही.

"चहा पीत होते," मी म्हणाले.