दाणे कुठल्या वाट्यात?

"वाटा लावला तो लावला," असं म्हणून तिने हात झटकले, की पुढचं बोलणं संपलं. पनवेलच्या मासळी बाजारात ती मासळी विकायला बसायची. फळीवर मांदेलीचे वाटे एकदा लागले, की गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो, एक बारकी मांदेलीसुद्धा ती या वाट्यातून त्या वाट्यात जाऊ द्यायची नाही. अशा बाईशी तुम्हीही कधीतरी भांडला असाल, आणि हरला असाल.

मी जवळच्या दवाखान्यात आहार सांगायला बसते. कोयती लागून तिच्या पायाला जखम झाली होती, ती भरेना. अंगात ताकदच उरली नव्हती. "हिच्या पोटात प्रथिनं जाऊ देत, नाहीतर अवघड आहे," असं सांगून डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं.

मासळी खा म्हणावं, तर जन्मभर मासळी विकणारी ही बाई मासळी खात नव्हती. मुलगा जहाजावर नोकरीला होता. तो घरी येईपर्यंत मासळी तोंडाला लावणार नाही, असा नवस ती एकवीरा देवीला बोलली होती, आणि त्याचं येणं लांबतच चाललं होतं. अंडं, मटणही त्याच नवसात गेलेलं. दूध पचत नसे. डाळ म्हणजे भातावर ओतायचं पिवळं पाणी.

उरले शेंगदाणे. ते ती सोमवारच्या उपासाला मूठभर भाजून खायची. मी म्हटलं, "मावशी, रोज खा."

"रोज खाल्ले तर सोमवारी काय खाऊ? दाणे उपासाचे, बाय."

मग मी तिच्याच धंद्यातलं उदाहरण घेतलं. म्हटलं, खाण्याचेही वाटे असतात. भात-भाकरीचा एक, भाजी-फळांचा एक, दुधाचा एक, आणि अंग भरून काढणाऱ्या डाळी, अंडी, मासळीचा एक. दाणे, बदाम, काजू, त्यांचं वाटून केलेलं पीनट बटर, सगळं या शेवटच्या वाट्यातलं.

तिने बोटांवर वाटे मोजले. "म्हंजे दाणे मासलीच्या वाट्यातले?"

"बरोबर." मला वाटलं, जिंकले.

पुढच्या खेपेला आली तेव्हा तिने सोमवारचे दाणेही सोडले होते. "मासली सोडलीय ना मी? मग वाट्यातलं निवडून कसं खाऊ? ती देवीशी लबाडी झाली."

मी कपाळावर हात मारला. "मग डाळ कशी खाता?"

"डाळ भाताबरोबरची. ती भाताच्या वाट्यात." हे कुणी ठरवलं? तिनेच.

शेवटी मी पीनट बटरची बाटली तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, दाण्यातून तेल निघतं, म्हणून काही जण त्यांना तेला-तुपाच्या वाट्यात धरतात. खोटं नव्हतं ते. तिने माझ्याकडे लबाड गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं. "आता हलवू नका, बाय. वाटा लावला तो लावला."

बाटली तिने माझ्याकडे सरकवली, आणि सोबत पिशवीतून आणलेली मांदेली. "तुमी खा. तुमी कुठं सोडलीय?" तिच्यावर ओरडावं की तिला जवळ घ्यावं, मला कळेना. शेवटी ओरडलेच.

जखम चिघळत गेली, विष अंगात भिनलं, आणि ती गेली. दाण्यांनी ती वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण मूठभर दाणे खायला हिचं काय जात होतं, हा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

दहाव्याला गाढी नदीच्या काठावर गेले. मुलगा आला होता, डोकं भादरून खाली मान घालून बसला होता. नवस फिटला होता. सून तिच्या नावाच्या पानावर भात वाढत होती, बाजूला तळलेली मांदेली. मग तिने पदराची गाठ सोडली. आत भाजलेले दाणे होते.

"आईंना लय आवडायचे," ती म्हणाली. "हे कुठं ठेवू, बाय?"

मी मांदेलीच्या शेजारची जागा दाखवली.