क्रीट बेटावर परक्याचा बेदाणा झाकला त्याची गोष्ट

बेदाणा पिकवणाऱ्या घरात सुट्टी कधी घ्यायची हा प्रश्नच येत नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मधे फवारण्या, पुढे द्राक्ष उतरवून रॅकवर वाळवायची, की परत एप्रिल आलाच. कवठे महांकाळजवळच्या आमच्या मळ्यात लग्न होऊन आल्यापासून मी हेच बघतेय. आमचा सगळ्यांत लांबचा प्रवास म्हणजे श्रवणबेळगोळ, तोही दोन फवारण्यांच्या मधे, आणि सगळा वेळ ह्यांचं लक्ष आभाळाकडे.

गेल्या वर्षी आमच्या ह्यांची बायपास झाली. टाके भरले, रिपोर्ट चांगले आले, माणूस मात्र बरा होईना. दोन पायऱ्या चढले की हात छातीवर. जरा दम लागला की तोंड पांढरंफटक. दिवसभर ओसरीवरच्या खुर्चीत. बाग घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तिकडं फिरकणं बंद. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. चाला, फिरा, काम करा. भीतीवरची गोळी माझ्याकडे नाही."

आणि मग ऑगस्टमध्ये एका सकाळी हे म्हणाले, "औंदा ऑक्टोबरची छाटणी घ्यायची न्हाई. बाग काढून टाकू. मांडवाचे अँगल, तार इकू."

छाटणी नाही म्हणजे पीक नाही, हे सांगायला नकोच. पण मला पिकाची काळजी नव्हती. बाग गेली तर हा माणूस त्या खुर्चीतून कशासाठी उठणार? मी तीस-एक वर्षं हायस्कूलवर इतिहास शिकवलाय, वर्गात गप्प बसवायची सवय आहे. म्हटलं, "छाटणीचं परत आल्यावर बघू."

"परत? कुठनं परत?"

"ग्रीसहून. माझे निवृत्तीचे पैसे आहेत. तोवर बागेचा विषय काढायचा नाही, तुम्ही बी नाही आणि मी बी नाही."

जाणाऱ्यांसाठी कामाचं सांगते. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला पुण्याला स्वतः जावं लागतं. विमा घेताना ऑपरेशन लपवू नका. डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या आणि सगळ्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग भलतीकडेच गेली तर पंचाईत नको. आम्ही जैन, त्यामुळे दशलक्षण पर्व आटोपून सप्टेंबरात निघालो. मुंबईहून आखातात विमान बदलून अथेन्स. बरोबर बिनलसणाचं भडंग आणि शेंगदाण्याची चटणी, दोन्हींनी लाज राखली.

अथेन्सचा पहिला दिवस मात्र फुकट गेला. टेकडीवरचं ते जगप्रसिद्ध देऊळ बघायला गेलो, तर हे खालच्या बाकावर बसले. "तू जाऊन ये. मला न्हाई जमायचं." मी एकटी वर गेले. संगमरवर हजारो वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालाय, चपला घालून जाऊ नका, बूटच हवेत. वर वारा भन्नाट, खाली सगळं पांढरं शहर, आणि मी त्या खांबांसमोर उभी राहून चिडून रडत होते. एवढा समुद्र ओलांडून माणूस बाकावर बसायला आला! खाली आले तर म्हणतात कसे, "बरं हाय का वर?" मी तडक हॉटेलची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी छोट्या विमानाने क्रीट बेटावर गेलो. इराक्लिओ शहरातून क्नोसोसच्या राजवाड्याला साधी सिटी बस जाते, टॅक्सीच्या नादी लागू नका. सकाळी आठला दार उघडतं तेव्हाच पोचा, दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही सोसवत नाहीत. जागा सपाटच म्हणायची, त्यामुळे हे आले बरोबर. तिथे माणसाच्या उंचीचे मातीचे रांजण आहेत, साडेतीन हजार वर्षांपूर्वी त्यात तेल आणि धान्य साठवायचे. ह्यांनी एका रांजणाभोवती फेरी मारली, डोळे बारीक केले आणि पुटपुटले, "दोन-अडीच क्विंटल बसंल."

"काय बसेल?"

"काय न्हाई." बागेचा विषय काढायचा नाही ना!

खाण्याची गंमत वेगळीच. आम्ही सूर्यास्ताआधी जेवणारी माणसं आणि तिकडच्या खेड्यातली खानावळ संध्याकाळी सातला जागी होते. मालकिणीला सांगितलं, दिवस मावळायच्या आत वाढा, तर तिला वाटलं आमची बस चुकतेय. पण बाईने साडेपाचला चूल पेटवली. अख्ख्या अंगणात आम्ही दोघंच. उकडलेल्या रानभाज्यांवर लिंबू आणि ऑलिव्हचं तेल, टोमॅटो-चीज घातलेली सातूची कडक भाकरी, आणि द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. मांस आणि मध नको एवढं सांगितलं की झालं, पण कांदा-लसूण तीनतीनदा विचारा. दोघांचं पोटभर जेवण पंचवीस-तीस युरोंत होतं. ह्यांनी पानाची गुंडाळी उलटीपालटी करून बघितली. "आगं, हा पाला आपण शेळ्यांस्नी घालतो." मग चार खाल्ल्या.

क्रीटमधल्या तिसऱ्या दिवशी गाडी आणि चालक ठरवून फेस्तोसच्या जुन्या राजवाड्याकडे निघालो. रस्ता डोंगरातून जातो, वळणावळणाचा पण मऊसूत. दोन्हीकडे ऑलिव्ह, मग द्राक्षबागा, बुटक्या वेलींच्या. हे काचेला नाक लावून बसलेले. एका गावाबाहेर चालक कॉफी प्यायला थांबला, आम्ही पाय मोकळे करायला उतरलो, आणि समोरच्या उतारावर बघते तर बेदाणा! जमिनीवर लांबच लांब पट्टे अंथरून उघड्यावर पसरलेला, पिवळट सोनेरी, उन्हात चमकणारा. आपल्याकडे शेडमध्ये, सावलीत, जाळीच्या रॅकवर वाळतो, इथे थेट आभाळाखाली.

हे कुंपणाशी उभे राहिले, हात मागे बांधून. तेवढ्यात डोंगरामागून ढग आला. काळाकुट्ट, खाली झुकलेला. ऊन गेलं, गार वारा सुटला.

"आगं, आभाळ आलं!" हे ओरडले. "कोण हाय का हितं? आवो! माल भिजंल!"

कोणी नव्हतं. आणि मग आमचे हे, दोन पायऱ्यांना छाती धरणारे, कुंपणाच्या फटीतून आत शिरले आणि उतारावरून पळत सुटले. पट्ट्यांच्या कडेला प्लॅस्टिकच्या गुंडाळ्या दगडांखाली ठेवल्या होत्या. ह्यांनी दगड लाथेने उडवले, प्लॅस्टिक ओढलं, एक पट्टा झाकला, दुसऱ्याकडे धावले. मी आ वासून बघतेय तर माझ्यावरच खेकसले, "बघत काय बसलीस? ती कड धर की!"

धरली. वाऱ्याने प्लॅस्टिक शिडासारखं फुगत होतं, मी इकडे, हे तिकडे, मधे दगड. दहा-बारा पट्टे झाकले असतील. शेवटच्या पट्ट्याचा दगड ठेवतो न ठेवतो तोच घरातून एक बाई हातात झाडू घेऊन आली, ग्रीकमध्ये आमचा उद्धार करत. तिला वाटलं आम्ही माल चोरतोय. मी मोबाइल काढला, भाषांतराच्या ॲपमध्ये बोलले, "पाऊस येतोय म्हणून झाकलं."

मोबाइल ग्रीकमध्ये बोलला. बाईने वर बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि झाडू टाकून पोट धरून हसायला लागली. मोबाइल म्हणाला, हा ढग रोज दुपारी येतो आणि वाऱ्याने समुद्राकडे जातो. पाऊस नाही. पण झाकलेल्या मालाला घाम सुटेल, काळा पडेल, लवकर काढा.

खरंच, बघता बघता ऊन परत पडलं. थेंबही नाही! ह्यांनी कपाळावर हात मारला. "बरुबर हाय तिचं. बुरशी धरंल. चल, काढ आता." म्हणजे एवढी धावपळ केली ती सगळी उलटी करायची. तिघांनी मिळून पट्टे उघडे केले. सांगलीत मार्चमध्ये ढग दिसला की आख्खी वस्ती बेदाण्याकडे धावते. तो ढग आम्ही डोक्यात घालून ग्रीसला नेला होता.

शेवटचं प्लॅस्टिक गुंडाळून हे बांधावर बसले. शर्ट भिजलेला, श्वास भात्यासारखा चाललेला. माझा जीव टांगणीला, पिशवीत गोळी चाचपतेय. हे छातीवर हात नेता नेता थांबले.

"आगं," म्हणाले, "मी पळालो की."

"पळालात."

"लय पळालो!" आणि असे हसले, की तसं हसू मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. मी तिथेच, परक्या बाईच्या बेदाण्यात उभी राहून, पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसले.

बाईचं नाव कातेरिना. तिने अंगणात बसवलं, थंड पाणी आणि ताजं चीज दिलं, मधाची वाटी मी हात जोडून परत केली. मग तिने द्राक्षं वाळवण्याआधी बुडवायचं टाकं दाखवलं. ह्यांनी बोट घालून वास घेतला आणि उडालेच. पोटॅश आणि तेल! तिचं ऑलिव्हचं, आपलं बाजारातलं डिपिंगचं, एवढाच काय तो फरक. "आमी बी हेच करतो, बाई, हेच!" मोबाइल बिचारा दमला. ह्यांनी फोनमधले आमच्या शेडचे जुने फोटो काढले. जाळीचे मजले बघून ती अचंब्याने "पो पो पो" करत राहिली. बागेचा विषय काढायचा नाही हा नियम केव्हाच मोडला होता, मी आपली चीज खात होते.

मग तिने विचारलं, तुमच्याकडे वेली कधी छाटता?

मी हातातला तुकडा खाली ठेवला.

"आता गेल्या गेल्या," हे म्हणाले. सहज. जणू दुसरं काही ठरलंच नव्हतं.

त्या दुपारी फेस्तोसच्या रुंद दगडी पायऱ्या हे माझ्या पुढे चढले. मधे दोनदा थांबले, दरी बघायला. निदान म्हणाले तरी तसं. वरून पसरलेलं ते हिरवं मैदान, पलीकडे डोंगर, खाली कोणातरी राजाचं रिकामं अंगण. अथेन्सच्या टेकडीवर एकटीने बघितलं होतं त्यापेक्षा हे शंभरपट देखणं होतं, आणि याबाबत मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

परत येऊन आठवडा झाला. लोक विचारतात, एवढा खर्च करून काय आणलं? एक ऑलिव्हच्या तेलाची बाटली आणली, ती वाटेत फुटली. राजवाड्यांची नावं मी आत्ताच विसरायला लागलेय, इतिहासाची बाई असून.

काल छाटणीची टोळी आली. हे कात्री घेऊन त्यांच्या आधी बागेत. मी चहा घेऊन गेले तर कपाळावरून घाम ओघळतोय, तोंड उघडं, श्वास मोठा. मी किटली खाली ठेवली.

"आवं, दम लागलाय तुम्हाला. बसा की जरा."

"लागलाय की," हे म्हणाले आणि पुढची काडी कापली. "लागू दे."