सशाच्या स्वयंपाकघरातली विहीर

साठ सालच्या सुमारास माझं पहिलं बालपुस्तक निघालं. गोष्ट माझी, चित्रंही माझीच. सशाचं स्वयंपाकघर म्हणून मी आमचं बंगलोरचंच रंगवलं. पुण्याहून प्रकाशकांचं पत्र आलं, "चित्रं छान. पण स्वयंपाकघरात विहीर कशाला?"

विहीर कसली! डोशाचं पीठ वाटायचा, मधोमध खोल खळगा असलेला आमचा गोल दगडी रगडा होता तो. माझी थोरली बहीण, अक्का, भडकली. "त्यांना म्हणावं, या आणि शेरभर तांदूळ वाटून दाखवा!"

मी मुकाट्याने रगड्याच्या जागी पाटा-वरवंटा काढला. पुस्तक छापून आल्यावर अक्काच्या धाकटीने ते चित्र बराच वेळ न्याहाळलं. मग विचारलं, "मामा, या सशाला डोसे कधीच मिळत नाहीत?"

दुसऱ्या आवृत्तीत मी रगडा परत बसवला. विहीर तर विहीर!