गिअर कुणी बिघडवला?

मखमलाबादच्या मळ्यातून फुलबाजारात झेंडू न्यायचं काम माझं. मालेगावहून जुनी घेतलेली आमची व्हॅन मीच चालवते, आणि सासऱ्यांना ते कधीच पटलं नाही. माझ्या शेजारच्या सीटवर ते एकदाही बसले नव्हते. उन्हातान्हात फाट्यापर्यंत पायी जातील, पण सुनेच्या गाडीत बसायचे नाहीत!

गेल्या दसऱ्याच्या तोंडावर गिअर अडायला लागला. पहिला टाकताना मनगट दुखायचं आणि रिव्हर्स तर खर्रकन ओरडायचा. सासऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिनं क्लच जाळला! बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हनार. इकून टाका ती." नवऱ्याला नोकरीतून वेळ नाही म्हणून तर मी शिकले होते. गाडी गेली की मी पुन्हा ओट्यावर हार ओवत बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. माझं डोकंच फिरलं.

दुपारी सगळे जेवून आडवे झाले, तशी मी व्हॅनमध्ये जाऊन बसले. म्हणे क्लच जाळला! जळलेला क्लच घसरतो, नुसतं इंजिन बोंबलतं आणि गाडी ओढत नाही. मी तर सकाळीच भरलेल्या क्रेटांनिशी चढ चढले होते. मग इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहिले. पहिला, दुसरा, रिव्हर्स, सगळे लोण्यासारखे पडले. म्हणजे गिअरबॉक्सही ठणठणीत. इंजिन चालू केलं की पुन्हा तोच अडेलतट्टूपणा. अगं बाई, म्हणजे पाय दाबूनही क्लच पुरता सुटतच नाहीये! केबल सैल झाली असेल म्हणून खाली वाकले. केबल नीट होती, पण पेडल तळाला जायच्या आधीच कशावर तरी टेकत होतं.

रबरी मॅट उचलली. खाली घडीवर घडी घातलेलं गोणपाट, ओलंचिंब.

फुलांचं पाणी गळून पत्रा गंजू नये म्हणून गोणपाट अंथरायची सवय आमच्या घरात एकाच माणसाला. ते ओढून काढलं, पेडल पार खाली गेलं आणि रिव्हर्स हूं की चूं न करता पडला. मग अंगणात गाडी उगाच मागेपुढे मिरवली. खोटं कशाला बोलू, नवी गाडी घेतली असती तरी छाती इतकी फुगली नसती.

आवाजानं सासरे बाहेर आले. मी गोणपाट त्यांच्यापुढे धरलं. "बाबा, हा घ्या जळलेला क्लच."

"म्याच ठेवलं व्हतं," ते हळूच म्हणाले. "पत्रा सडंल म्हणून."

"पत्रा वाचला, पण सून चालली होती ना कामातून!"

त्यांनी गोणपाट उन्हात वाळत घातलं आणि ते आत गेले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी क्रेट भरून मी दार उघडलं, तर शेजारच्या सीटवर टोपी घालून सासरे बसलेले. वाटेत मी गिअर बदलला की ते माझ्या हाताकडे बघायचे. बाजारात ओळखीच्या व्यापाऱ्यानं विचारलं, "गाडी नीट झाली का? कोण मिस्त्री गाठला?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं. "बिघडवली म्या, नीट केली हिनं. किल्ली आता हिच्याकडंच राहनार."