कात्रीकाकांच्या कॅशियाला फूल येईना

अहो, ज्या माणसाच्या हातात कात्री दिसली की अख्खी गल्ली डोळे मिटून खुर्चीत बसायची, त्याच्या अंगणातल्या कॅशियाला एक फूल येऊ नये? एक! वाटाण्याएवढं तरी!

गुडघ्यांनी दगा दिला, दिवसभर उभं राहवेना, म्हणून कात्रीकाकांनी सलून बंद केलं आणि ते घरी बसले. तेव्हा काकूंनी लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलं. "स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर पिवळ्या फुलांचं झुडूप लावा. भांडी घासताना समोरची भिंत बघून बघून डोळे विटलेत माझे."

काकांनी त्याच दिवशी रोपवाटिकेतून कॅशियाचं रोप आणलं. रोपाचं झुडूप झालं, झुडूप असं तरारलं की येणारे-जाणारे थांबून बघायचे. पण फुलाचं नाव नको.

मग उपचार सुरू झाले. ऊन अडतं म्हणून भिंतीवरचा वेल गेला. पाणी साचतं म्हणून मुळांभोवतीची माती उकरून वाळू मिसळली. पोतंभर शेणखत घातलं, तर पानंच आणखी माजली. शेवटी काकांनी रोपवाटिकेचा मालक गाठला.

"आधी खत बंद करा. या झाडाला ते फारसं लागतच नाही," तो म्हणाला. "आणि छाटणी कधी करता?"

"छाटणी? छे हो! मी हातसुद्धा लावत नाही."

आणि काका खोटं बोलत नव्हते बरं का! दर रविवारी ते झुडूप फक्त 'नीट' करायचे. कानावर आलेले केस टिपावेत तसे बाहेर डोकावणारे शेंडे टिपायचे, दोन पावलं मागे जाऊन मान वाकडी करून बघायचे, पुन्हा टिपायचे. एवढ्याशा टापटिपीला कुणी छाटणी म्हणतं का? काकांच्या मते मुळीच नाही.

असे कितीतरी हंगाम कोरडे गेले. मग गावाकडच्या बहिणीचा पाय मोडला आणि काकांना तिच्याकडे जाऊन राहावं लागलं. निघताना पिशवी उचलता उचलता ते म्हणाले, "आलो की हे उपटून टाकतो. कुदळ मागून ठेव कुणाकडून तरी."

काकूंचा चेहराच उतरला. "राहू द्या की. मला पानंही आवडतात."

"उगाच समजूत काढू नकोस माझी. एक गोष्ट मागितली होतीस, तेवढीही जमली नाही मला." मागे वळून न बघता ते चालू लागले.

बहीण काठी घेऊन चालायला लागली तेव्हाच ते परतले. फाटक उघडलं आणि जागीच थिजले. आपण भलत्याच घरात शिरलो की काय! खिडकीसमोर पिवळाधमक ढीग उभा होता. कसंही वाढलेलं, चहूकडे फांद्या फेकलेलं, न विंचरलेल्या डोक्यासारखं ते झुडूप शेंड्याशेंड्याला घोसांनी लगडलेलं होतं. काकांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"अगं ए! हे काय? काय घातलंस याला?"

काकू दारात आल्या. "काही नाही. पाणी द्यायचंसुद्धा दोनदा विसरले."

काका जवळ गेले. एक घोस बोटांनी उचलून बघितला. फूल शेंड्याला. दुसरा बघितला, तोही शेंड्याला. जिथे दर रविवारी त्यांची कात्री चालायची, नेमक्या तिथेच!

"मीच," ते पुटपुटले. "अगं, मीच कापत होतो गं! सगळ्या कळ्या मीच कापल्या!"

काकूंच्या चेहऱ्यावर ना नवल, ना हसू. काकांनी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"तुला... माहीत होतं?"

"कुंडी आणायला गेले होते तेव्हा त्या रोपवाटिकेवाल्याला तुमच्या रविवारचं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, कात्री लपवून ठेवा."

"कधीची गोष्ट ही?"

"झाली बरीच वर्षं."

"बरीच वर्षं!" काका जवळजवळ किंचाळलेच. "आणि तू तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस? मी खत काय ओतलं, वाळू काय वाहिली, आणि तू खिडकीतून नुसती बघत होतीस? तुलाच हवी होती ना फुलं?"

"हवी होती की." काकूंनी पदरानं हात पुसले. "पण सलून सुटल्यावर तुम्ही कसे झाला होतात, आठवतंय? दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचात. बोलायचं नाही, जेवायचं नाही. रविवारी कात्री घेऊन अंगणात उतरलात की मात्र शीळ घालायचात. ती बंद पडली असती, तर फुलं घेऊन काय करायचं होतं मला?"

"कुदळ मागून आणली असशील तर परत देऊन टाक," काका म्हणाले. ते पायरीवर बसले. काकू पाणी आणायला आत गेल्या.