आणीबाणीची साखर

जगबुडी झालीच, तर ती ओसरल्यावर पहिला चहा शिवाजी पेठेत आमच्या थोरल्या साडूंच्या घरी उकळेल, असं मी कुणालाही शपथेवर सांगायचो. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. सारी हयात त्यांनी एका फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये काढली. निवृत्तीनंतर ते स्टोअर सुटलं, तेव्हा त्यांनी घरातच दुसरं उघडलं. खरं तर त्यांची गल्ली इतक्या उंचावर, की पंचगंगेला तिथवर यायचं तर वाटेत दोनदा दम खावा लागेल. पण उन्हाळा संपत आला की दाजी पिशव्या घेऊन बाहेर पडत आणि त्यांच्या माळ्यावर तांदूळ, तूरडाळ, साखर, दुधाची पावडर, टॉर्चचे सेल, मेणबत्त्या आणि जळणाला पोतंभर शेणी अशी चढती भाजणी लागे. काड्यापेट्या प्लॅस्टिकच्या बरणीत असत, सर्दू नयेत म्हणून तळाशी मूठभर तांदूळ. घरातलं प्रत्येक भांडं रोज संध्याकाळी पाण्यानं भरलेलं असे. माझी मेव्हणी, म्हणजे आमच्या अक्का, म्हणायच्या, "आमटी कशात करू म्हणून विचारलं तर म्हणत्यात, थांब, एक पातेलं मोकळं करून देतो."

आधी आलेला माल आधी वापरायचा, हा स्टोअरचा नियम त्यांनी घराला लावला होता. त्यामुळे त्या घरात ताजं बिस्कीट कुणीच कधी खाल्लं नाही. पुडा फोडला की मऊ पडलेलं बिस्कीट बशीत यायचं. मी तोंड वाकडं केलं की दाजी पुडा उलटा करून तारीख दाखवायचे. "चार दिस हायत की अजून, पावणं. खावा!" दुसरा नियम त्याहून कडक. माळ्यावरचं सामान आणीबाणीचं, त्याला एरवी हात लावायचा नाही. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले त्या दिवशी नेमकी डब्यातली साखर संपली. डोक्यावर माळ्यात दहा किलो साखर असताना दाजी वाटी घेऊन शेजारी मागायला गेले. अक्का संतापल्या. "अवो, पाहुणं बसल्यात बाहेर! वर हाय की ढीगभर!"

"पाहुणं आल्यात, पूर न्हाय आलेला," दाजी शांतपणे म्हणाले.

लग्न जमलं, ते शेजारच्या साखरेवर.

मग एका वर्षी पूर आला. आमचं घर नदीकडच्या सखल भागात. सकाळी पाणी गल्लीच्या तोंडाशी होतं आणि दुपारी ते आमच्या उंबऱ्याला लागलं. मी, बायको, माझी आई, आणि शेजारचे शिंपी, त्यांची बायको आणि दोन मुली, असे आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून निघालो. शिंप्यांनी शिलाई मशीनचं डोकं खांद्यावर घेतलं होतं. शिवाजी पेठेत पोचलो तेव्हा दाजी दारातच उभे होते. त्यांनी आमची डोकी मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सातच व्हय? मी पंधरा धरलं हुतं की!"

आम्हाला कोरडे कपडे देऊन ते छत्री घेऊन बाहेर पडले आणि तासाभरानं आणखी बारा जणांना घेऊन आले. सामान घेऊन कट्ट्यावर बसलेली, कुठं जायचं ते न कळलेली माणसं. त्यातलं एकही त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

स्वयंपाकघरात अक्का माळ्याच्या शिडीला हात लावून थांबल्या. "आता तरी विचारू का? ही आणीबाणी हाय का न्हाय?"

दाजी काहीतरी चटपटीत बोलतील म्हणून आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी एवढ्या माणसांवरून एकदा नजर फिरवली. "व्हय," ते म्हणाले. मग तेच शिडी चढले.

पहिली फजिती मेणबत्त्यांची. पत्र्याखाली उन्हाळे काढून त्या सगळ्यांचा मिळून एक गोळा झाला होता. आम्ही तो ताटलीत ठेवून तसाच पेटवला. शहराचा पाणीपुरवठा बंद, रस्ते बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. आणि आम्ही एकोणीस जण पिठलं-भात खाऊन पत्ते कुटत होतो. शिंप्यांच्या धाकटीला दुधाच्या पावडरचा इतका नाद लागला, की तिच्या मिशा कायम पांढऱ्या. दाजी वाढायला स्वतः उभे राहत. ताटात नको म्हणून कुणी हात आडवा धरला, तर हाताच्या पाठीवर भात पडे.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर माझ्या आईनं त्यांना विचारलं, "तुमच्याकडं पाणी येतच नाही, मग हे सगळं कुणासाठी हो?"

दाजी सुपारी कातरत होते. कातरता कातरताच म्हणाले, "आमचं गाव नदीकाठचं. मी लहान हुतो. आमचं घर तेवढं उंचावर, म्हणून पुरात माणसं आमच्या दारात आलती. पोरंबाळं घिऊन. घरात दाणा न्हवता. आईनं हात जोडलं आन् परत लावून दिली. ती गेली, आन् आई दार लावून तिथंच खाली बसली." दाजींनी अडकित्ता मिटून ठेवला. अक्काही पहिल्यांदाच ऐकत होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

नवव्या दिवशी पाणी उतरलं. घरातला चिखल काढायची आम्हाला घाई, आणि दाजींची वेगळीच ओढाताण. "भिंती वाळू देत की आधी. एवढी गडबड कशापायी? पाच किलो तांदूळ हाय अजून!" सगळे रिक्षात बसलो तरी ते रिक्षाचा दांडा धरून उभे होते.

नंतर अक्का गेल्या. मुलगी दाजींना बेंगळुरूला घेऊन गेली. तिथं दहाव्या मजल्यावर काय हवं ते दहा मिनिटांत दारात येतं, म्हणून फळ्यांवर काहीच साठवलेलं नसतं. मी एकदा भेटून आलो. दाजी धडधाकट होते, पण काम सुटलेल्या माणसासारखे हात मांडीवर ठेवून बसले होते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत पुन्हा पाणी शिरलं आणि आम्हाला एका शाळेत हलवलं. सोय चांगली होती. गाद्या, डॉक्टर, वेळेवर जेवण. शिवाजी पेठेवरून आमची गाडी गेली तेव्हा बायकोनं मान दुसरीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींचा फोन आला.

"किती जण हायसा?"

"शंभरेक असतील, दाजी."

"शंभर!" त्यांच्या आवाजात हेवा होता. "जेवलासा? काय वाढलं?"

मी सांगितलं: भात, आमटी, बटाट्याची भाजी.

"लोणचं?"

"नव्हतं."

"अरारारा," दाजी म्हणाले. मग फोन ठेवायचं आम्हा दोघांच्याही जिवावर आलं.