नदीवरून अनवाणी

पाम गावापासून मुंबईपर्यंतचा रस्ता सरकारने बांधला असेल, पण तो सांभाळतात माझ्या नणंदेचे सासरे, असं माझं बऱ्याच वर्षांचं ठाम मत आहे. बोईसर सोडलं की चिल्हार फाटा, मग मनोर, मग वैतरणेचा पूल, विरार फाटा आणि शेवटी वर्सोव्याचा खाडीपूल. या वाटेबद्दल ते आपल्या वाडीतल्या चिकूंबद्दल बोलावं तसे बोलतात. अमुक वळण यंदा बरं लागलंय, तमुक चढाची हेळसांड झाली, मनोरच्या पुढची झाडं तोडली तेव्हापासून तिथला रस्ता रुसलाय. त्यांची पांढरी व्हॅन माझ्या लग्नाच्याही आधीची. गावात कुणाला मुंबई गाठायची असली, मग ते इस्पितळ असो, विमानतळ असो की मुलाची मुलाखत, तो आदल्या दिवशी यांच्या ओटीवर येऊन बसतो आणि पाण्यापावसाचं बोलतो. येण्याचं कारण त्याने सांगायचं नसतं आणि यांनी विचारायचं नसतं. चहा झाला की हे म्हणतात, ‘सकाळी सहाला निगू,’ आणि तो उठून जातो. अशा माणसाच्या हातची गाडी गेल्या हिवाळ्यात सुटायची वेळ आली. ती सुटते की राहते याचा निकाल आणायला त्यांच्याबरोबर मी गेले होते, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी त्यांना भाऊ म्हणते. ते मला मास्तरीणबाय म्हणतात, कारण मी बोईसरच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि हा विषय घरात बसून शिकवता येतो यावर त्यांचा मुळीच विश्वास नाही. भाऊंचा वेग ताशी चाळीस. रस्ता चांगला असला तर पस्तीस, कारण चांगला रस्ता लवकर संपवण्यात काय मजा? त्यांच्या शेजारी बसलं की तासाभरात आपण कशासाठी निघालो होतो याचाच विसर पडतो. शेतांवर धुकं बसलेलं असतं, गवताच्या गंज्या अर्ध्या दिसतात नि अर्ध्या नाही, माडाचे शेंडे वरच्या वर तरंगत असतात आणि भाऊ कुणाशी तरी हळू आवाजात बोलत असतात. ते आपल्याशी नसतं. बहुधा गाडीशी असतं. एकदा बोईसरच्या कारखान्यातला एक कामगार त्यांच्याबरोबर होता, त्याला वांद्र्याहून गावाकडची गाडी पकडायची होती. तो बिचारा दर दोन मिनिटांनी घड्याळ बघून म्हणायचा, ‘चाचा, ट्रेन छूट जाएगी.’ भाऊ त्याला म्हणाले, ‘छूटेगा तो दुसरा आयेगा. वो देखो, सूर्य कैसा निकलता हाय.’ त्या दिवशी त्याची गाडी नेमकी तीन तास उशिरा सुटली. तेव्हापासून आगगाड्या आपल्यासाठी थांबतात अशी भाऊंची समजूत झाली आणि त्यांचा वेग आणखी कमी झाला.

पण त्यांचा खरा दंडक पुलांचा. वाटेत तीन नद्या लागतात. बोईसरच्या बाहेर सूर्या, मग वैतरणा, आणि मुंबईच्या वेशीवर खाडी होऊन पसरलेली उल्हास. या तिन्हींवरून अनवाणी जायचं. पूल यायच्या आधी भाऊ गाडी कडेला घेतात, चपला काढतात, पाय पुसतात आणि मागे वळून बघतात. मागच्यांनीही काढायच्या. मग तो साहेब असो, बाळंतीण असो की पायाला प्लास्टर घातलेला पेशंट असो, त्याने निदान दुसऱ्या पायातली तरी काढायची. पूल ओलांडला की पुन्हा घालायच्या. मी नवी असताना हसून म्हटलं होतं, भाऊ, आपण तर गाडीत आहोत, पाय कुठे लागतोय नदीला? त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘तू वर्गात नदी काठीनं दाखवतंस, म्हनून तुला तिची भीड नाय. आई झोपली असली तर आपन तिच्या उशाशी चपला वाजवतो का?’ मी चपला काढल्या.

या दंडकाचं सर्वांत मोठं फळ म्हणजे माझ्या नणंदेचं लग्न. तेव्हा मी बोरिवलीला नुकतीच सासरी आले होते आणि नणंदेला बघायला पामहून पाहुणे येणार होते. भाऊ, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकू, नवरामुलगा आणि त्याचे मामामामी अशी पाच माणसं पहाटे निघाली. वर्सोव्याच्या पुलाअलीकडे गाडी थांबली, सगळ्यांनी चपलाबूट काढले. मुंबईत शिरताना गाडी स्वच्छ असावी म्हणून भाऊंनी पायपुसणी झटकायला काढली आणि तेवढ्यापुरती पाची जणांची पायताणं रस्त्याकडेच्या दगडावर नीट ओळीने लावून ठेवली. इतक्यात हवालदाराची शिट्टी वाजली. पायपुसण्यांसकट सगळे आत चढले, पूल ओलांडला, आणि पलीकडे गेल्यावर चपला घालायला म्हणून पाहतात तर चपला नदीच्या पल्याड. मागे वळायला जागा नव्हती. मी दार उघडलं तेव्हा मला प्रथम दिसली ती दहा अनवाणी पावलं. नवरदेवाच्या पँटीला कडक इस्त्री आणि खाली उघडी बोटं. लाजेने त्यांनी कारण सांगितलं नाही आणि आदराने आम्ही विचारलं नाही. माझ्या सासूबाई स्वयंपाकघरात येऊन भारावल्या स्वरात म्हणाल्या, ‘नवस असणार. अशी देवमाणसं आजकाल कुठे मिळतात?’ पोहे गार व्हायच्या आत लग्न ठरलं. खरा प्रकार नणंदेला कळला तो लग्न होऊन सासरी जाताना, पुलाअलीकडे शालू सावरत चपला काढायला सांगितल्या तेव्हा. पण तोवर फार उशीर झाला होता. शिवाय संसार उत्तम चालला, त्यामुळे कुणाला तक्रारही करता येईना. पुढे आम्हीही माझ्या नवऱ्याच्या तारापूरच्या नोकरीमुळे बोईसरला राहायला आलो आणि भाऊ माझ्या रोजच्या जगण्यात आले.

गेल्या मार्गशीर्षात भाऊंनी स्वतः लावलेल्या चिकूला गाडी घासली, डाव्या बाजूने. झाड वाकडं वाढलंय, असं त्यांनी जाहीर केलं. आठवड्याने वाडीच्या फाटकाचा डावा खांब आडवा झाला, तोही म्हणे आधीच कुजला होता. काकूंना मात्र वेगळंच दिसलं होतं. भाऊंच्या ताटातली चटणी तशीच राहू लागली होती. जन्मभर चटणीशिवाय घास न गिळणारा माणूस, आणि ताटाच्या डाव्या कडेची चटणी, मीठ, लिंबू यातल्या कशालाही हात नाही. काकूंनी एक दिवस गुपचूप चटणी उजवीकडे वाढली, तर ती क्षणात संपली. त्या रात्रभर जाग्या राहिल्या. बोईसरच्या डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून बघितला आणि काचबिंदू असावा म्हणाले. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे तपासणी करा, गाडी चालवायची की नाही ते तेच सांगतील. भाऊंनी बाकीचं काही ऐकलं नाही, हे शेवटचं तेवढं ऐकलं. निकाल लागेपर्यंत आपणच चालवणार असा त्यांचा हट्ट होता. काकू माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘त्यांना नको म्हनायची माजी छाती नाय. जाताना डावीकडचं तू बघ, आनि येताना गाडी तूच आन.’

म्हणून तपासणीला निघालो त्या दिवशी एक गाडी आम्ही दोघांनी चालवली. उजवी बाजू भाऊंची, डावी माझी. मी सारखी सांगत होते, रिक्षा, म्हैस, ट्रक, शाळेची मुलं. प्रत्येक वेळी ते ‘दिसली’ म्हणायचे आणि प्रत्येक वेळी ते जरा उशिरा म्हणायचे. मनोर मागे पडलं. त्यांनी वेग पंचवीसवर आणला होता आणि मला तो अजून कमी करावासा वाटत होता, कारण जितका वेळ रस्त्यात जाईल तितका वेळ ते ड्रायव्हर राहणार होते. वैतरणेवर ऊन कोवळं होतं. वर्सोव्याला पोचेपर्यंत पाणी चकाकायला लागलं होतं, इतकं की पलीकडची शहराच्या इमारतींची रांग पाण्यातूनच उगवल्यासारखी वाटत होती. भाऊंनी चपला काढल्या, पाय पुसले, पण गाडी सुरू केली नाही. नुसते स्टिअरिंगवर हात ठेवले. मग म्हणाले, ‘आज परीक्षा हाय. तू मास्तरीन. पास कसं व्हायाचं तेवडं सांग.’ मी इतकी वर्षं मुलांना जे सांगत आले तेच सांगितलं, खरं लिहा म्हणजे झालं. ते सांगताना माझा आवाज मलाच खोटा वाटला.

परीक्षा अंधाऱ्या खोलीत होती. एका गोल भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून समोर बघायचं, कडेला कुठेही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी दारात उभी होते. भाऊंनी थोडा वेळ अंदाज घेतला आणि मग सरसकट ठराविक लयीत बटण दाबायला सुरुवात केली, टक, टक, टक, अगदी बैलगाडीच्या चालीने. तपासणारी मुलगी हसून बाहेर आली. म्हणाली, आजोबांना नसलेले ठिपकेही दिसतायत, पुन्हा करावं लागेल. भाऊंनी अंधारातून माझ्याकडे मान वळवली. मी तिथे होते हे त्यांना दिसलं की नुसतं ठाऊक होतं, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी खरी परीक्षा दिली. बटणाचा आवाज यायचा आणि मग कितीतरी वेळ यायचाच नाही. त्यांचा अंगठा बटणावर तयार होता आणि हलत नव्हता. मला त्या मुलीचा, यंत्राचा आणि सकाळी शहाणपणा शिकवणाऱ्या माझा स्वतःचा भयंकर राग आला.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने कागदावरचा काळा भाग दाखवून समजावलं की गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखायचं, आणि गाडी आजपासून बंद. भाऊंनी बाजारात घासाघीस करावी तसं सुरू केलं. हायवे नाही तर नाही, बोईसरपर्यंत? नाही. गावच्या नाक्यापर्यंत? नाही. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, ‘आनि आमच्या वाडीतल्या वाडीत?’ डॉक्टरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाडीत चाला आजोबा, तो म्हणाला, चालणं चांगलं. परत येताना मी गाडी चालवली आणि भाऊ डावीकडे बसले. मी दोनदा गिअर चुकवला, विरार फाट्याला एका टेम्पोच्या फारच जवळून गेले. त्यांनी एकदाही चूक काढली नाही, आणि तेच मला सहन होईना.

आता गावातला कुणी मुंबईला निघाला की भाऊ मला फोन करतात आणि सुट्टीचा दिवस असला तर मी व्हॅन काढते. भाऊ बरोबर येतातच. हळूहळू त्यांनी माझ्या चुका काढायला सुरुवात केली तेव्हा मला फार बरं वाटलं. माझा वेगही चाळीसवर आलाय आणि घरी पोचायला उशीर होतो म्हणून नवरा कुरकुर करतो. मागच्या रविवारी मात्र कुणालाच मुंबईला जायचं नव्हतं. आपन उगाच जाऊन येऊ, भाऊ म्हणाले, पुलापर्यंत. आम्ही रमतगमत गेलो, वर्सोव्याला पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. मी पुलावर गाडी अगदी हळू केली. समोरचं त्यांना अजून बऱ्यापैकी दिसतं, पण नदी समोर नसते, ती दोन्ही बाजूंना असते.

‘पान्यात काय हाय?’ त्यांनी विचारलं. पाण्यात काहीही नव्हतं. चिखल उघडा पडला होता आणि त्याच्या कडेला तिवरांची झुडपं उभी होती. काही नाही हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. एक होडी आहे, मी म्हटलं. भाऊंनी बोटांवर काहीतरी मोजलं. आमच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, हे मला पुस्तकात कधी सापडलं नव्हतं. ‘आज अष्टमी,’ ते म्हणाले. ‘सहाला भरती, बाराला ओहोटी. ओहोटीला होडी हितवर येत नाय, मास्तरीणबाय.’ मी रस्त्याकडे बघत राहिले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. पूल अर्धा संपला, आणि मग भाऊंनी खिडकीकडे तोंड करून विचारलं, ‘रंग कोनता हाय तिचा?’

निळा, मी म्हटलं, आणि गाडी आणखी हळू केली.